तारे जन्मतात त्या मेघांत चुंबकत्व काय करतं?

प्रश्न : आमच्या भागात काळा दगड पुष्कळ. शाळेतलं होकायंत्र त्यातल्या काही दगडांजवळ नेलं की सुई हलते. मी हे मुलांना दरवर्षी दाखवते. यंदा एका मुलीने विचारलं, “बाई, आकाशातल्या ढगांतपण चुंबक असतो का?” तारे ज्या वायूतून तयार होतात त्यावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. वायूत चुंबक येतो कुठून? तो तारे घडवतो की अडवतो? आणि इतक्या दुरून तो मोजतात कसा?
— एक शिक्षिका, झरी-जामणी, जि. यवतमाळ

उत्तर : त्या मुलीला सांगा, असतो. तो लोखंडाच्या तुकड्यासारखा नसतो, पण ताऱ्यांच्या मधल्या जवळपास सगळ्या वायूत चुंबकीय क्षेत्र भरलेलं आहे. हे क्षेत्र तारा घडवत नाही. ते काम गुरुत्वाकर्षणाचं. ते ताऱ्याला कायमचं अडवूनही ठेवत नाही. वायूने कोणत्या दिशेने गोळा व्हायचं आणि किती सावकाश, हे ठरवण्यात मात्र त्याचा मोठा हात असतो. आता एकेक मुद्दा सविस्तर घेऊ.

हे मेघ असतात कसे?

तारे ज्यांतून जन्मतात ते मेघ मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे असतात. त्यात थोडा हीलियम असतो आणि वजनाने शंभरात साधारण एक भाग धूळ. तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास. एका घनसेंटिमीटरमध्ये काहीशे ते काही हजार रेणू. तुमच्या वर्गातल्या हवेत तेवढ्याच जागेत पंचवीसवर अठरा शून्यं इतके रेणू असतात. म्हणजे या मेघांना आपण पृथ्वीवर निर्वात पोकळीच म्हटलं असतं. पण त्यांचा पसारा कित्येक प्रकाशवर्षांचा असल्यामुळे एकेका मोठ्या मेघात हजारो, कधी लाखो सूर्य होतील इतका माल असतो.

त्यातलं चुंबकीय क्षेत्रही असंच विरळ. क्षेत्राचा जोर गॉस या एककात मोजतात. विदर्भात जमिनीवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ०.४ गॉसच्या थोडं वर आहे. ताऱ्यांमधल्या साध्या वायूत ते एका गॉसच्या दहा लाखाव्या भागाच्या पाच-दहा पट, म्हणजे पाच ते दहा मायक्रोगॉस. होकायंत्राची सुई हलवणाऱ्या क्षेत्रापेक्षा हे पन्नास-साठ हजार पटींनी दुबळं आहे.

पृथ्वीचं क्षेत्र मोजण्याची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडण्याची भीती निर्माण झाली. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामाला कोकणातला काळा दगड न वापरता पोरबंदरचा चुंबकत्वरहित वालुकाश्म आणला होता. तुमच्या होकायंत्राला काळ्या दगडाजवळ जो अनुभव येतो, तोच त्या शास्त्रज्ञांना टाळायचा होता.

मग लाखांश गॉसच्या क्षेत्राची एवढी मातब्बरी का? कारण ज्याच्यावर ते अंमल चालवतं तो वायूही तितकाच विरळ आहे. तुलना करायची ती दोघांच्या ऊर्जेची. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आरित्र बसू आणि सुभाशिष रॉय यांनी २०१३ साली नेमकी ही तुलना केली. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने, घेतलेल्या वेधांचा आधार घेऊन त्यांनी जवळच्या पाच दीर्घिकांमधलं क्षेत्र काढलं. सरासरी आलं सुमारे ११ मायक्रोगॉस, मध्यभागी २० ते २५. आणि त्या क्षेत्रातली ऊर्जा वायूच्या खळबळीतल्या ऊर्जेच्या जवळपास बरोबरीची निघाली. म्हणजे दुबळं वाटणारं हे क्षेत्र वायूशी तुल्यबळ आहे.

वायूत चुंबकत्व टिकतं कसं?

चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं ते विद्युतप्रवाहातून, आणि त्याचा जोर चालतो तो विद्युतभारित कणांवर. मेघातला बहुतेक वायू उदासीन असतो. पण अवकाशातून सतत येणारे विश्वकिरण काही रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात. दाट मेघात कोटीभर कणांमागे एखादाच भारित कण सापडतो. तो एकही पुरतो. भारित कण क्षेत्ररेषेभोवती, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या काल्पनिक रेषेभोवती, गिरक्या घेतो, तिला सोडून आडवा जाऊ शकत नाही. आणि उदासीन रेणू त्याच्यावर आपटत राहिल्यामुळे तेही त्याच्या ओढीत सापडतात. स्वीडिश शास्त्रज्ञ हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये या विषयाचा पाया घातला. वायू आणि क्षेत्ररेषा जणू एकमेकांत गोठलेल्या असतात, वायू सरकला की रेषाही त्याच्याबरोबर सरकतात, हा विचार त्यांचा. १९७० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

याचा परिणाम शेतातल्या सरी-वरंब्यासारखा होतो. पाणी सरीतून सुखाने वाहतं. वरंबा ओलांडून शेजारच्या सरीत जायचं तर एक तर त्याला वरंब्यातून हळूहळू पाझरावं लागतं, नाहीतर इतकं साचावं लागतं की वरंबा फुटेल. वायूचंही तसंच. क्षेत्ररेषांच्या दिशेने तो सहज घसरतो. त्या ओलांडून जायला मात्र दोनच वाटा असतात : पाझर किंवा फूट. शेतातला वरंबा जागेवर असतो आणि आकाशातला वायूच्या रेट्याने वाकतो, हा फरक लक्षात ठेवायचा. वाकलेल्या क्षेत्ररेषा पुन्हा सरळ व्हायला बघतात आणि वायूला मागे ढकलतात.

मेघ जमतो तेव्हा काय होतं?

वायू रेषांच्या बाजूने घसरत येणार, म्हणजे तो रेषांना काटकोनात पसरलेल्या पत्र्यांत आणि लांबलचक तंतूंत जमणार, हे ओघानेच आलं. आकाशात तसंच दिसतं. युरोपीय अवकाश संस्थेचा प्लँक उपग्रह २००९ मध्ये सुटला. त्याने साऱ्या आकाशातल्या धुळीचं चुंबकीय चित्र काढलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आपल्या जवळच्या दहा मेघांत एक ठळक गोष्ट आढळली. विरळ वायूच्या रेघा क्षेत्राला समांतर असतात. वायू जसजसा दाट होतो तसतशा त्याच्या रचना क्षेत्राला आडव्या होत जातात.

वृषभ राशीतला मेघ याचं सुंदर उदाहरण आहे. तो आपल्यापासून सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर आहे. त्यात एक लांब दाट तंतू आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना केसांसारख्या बारीक रेघा आहेत. रेघा क्षेत्राच्या दिशेने, तंतू त्याला काटकोनात. बारीक रेघांमधून वायू येऊन तंतूला मिळतो आणि तंतूत जागोजागी गाठी पडून तारे जन्मतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मेघ मुळात एका जागी येतात कसे, यातही चुंबकत्वाचा वाटा आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९६६ मध्ये एक यंत्रणा मांडली. आकाशगंगेच्या चकतीत क्षेत्ररेषा साधारण आडव्या पसरलेल्या आहेत आणि वायूचं ओझं त्यांच्यावर आहे. एखाद्या ठिकाणी रेषा थोडी वर उचलली गेली की तिच्यावरचा वायू दोन्ही उतारांवरून खाली घसरतो. ओझं हलकं झाल्याने ती रेषा आणखी वर जाते आणि खालच्या खोलगट भागांत वायू साठत जातो. मोठमोठे मेघ जमण्याचा हा एक मार्ग.

दिशा चुकली तर मात्र मेघ जमणं अवघड जातं. फुटलेल्या ताऱ्याचा धक्का वायूला क्षेत्राच्या दिशेने दाबत असेल तर दाट मेघ लवकर होतो. तोच धक्का क्षेत्राला आडवा आला तर वायूबरोबर रेषाही दाबल्या जातात, त्यांचा विरोध वाढतो आणि वायू ठराविक मर्यादेपलीकडे दाट होत नाही. म्हणून तारे जन्मतील इतका दाट मेघ व्हायला एक धक्का पुरत नाही, वेगवेगळ्या दिशांनी अनेक धक्के बसावे लागतात, असं संगणकीय प्रतिकृतींमधून दिसतं.

मग तारा होतो केव्हा?

जमलेल्या मेघाला गुरुत्वाकर्षण आत ओढतं आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर रेटतं. कोण जिंकणार हे मेघाचं वस्तुमान आणि त्यातून जाणाऱ्या क्षेत्राचं एकूण परिमाण यांच्या गुणोत्तरावर ठरतं. लिऑन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये हा हिशेब मांडला. एक तृतीयांश प्रकाशवर्ष त्रिज्येचा गोळा घ्या आणि त्यात ३० मायक्रोगॉस क्षेत्र आहे असं धरा. त्याचं वस्तुमान सुमारे तीन सूर्यांपेक्षा कमी असेल तर क्षेत्र त्याला सावरून धरेल; जास्त असेल तर तो कोसळेल. क्षेत्र दुप्पट केलं की ही मर्यादाही दुप्पट होते.

वस्तुमान मर्यादेच्या आत असलं तरी गोष्ट संपत नाही. मघाशी म्हटलेला पाझर तिथे कामाला येतो. भारित कण इतके थोडे असतात की उदासीन रेणू त्यांच्यामधून हळूहळू आत सरकत राहतात आणि क्षेत्र मागे राहतं. लाखो वर्षांत मध्यभागी वस्तुमान वाढतं आणि मर्यादा ओलांडली जाते. मग मात्र कोसळणं थांबत नाही.

हा धीमेपणा आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आपल्या आकाशगंगेत रेणूंच्या मेघांत मिळून साधारण शंभर कोटी सूर्यांइतका वायू आहे. नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हाती कारभार असता तर हे मेघ काही दशलक्ष वर्षांत कोसळले असते आणि वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे जन्मले असते. प्रत्यक्षात वर्षाला एक-दोन सूर्यांइतकेच जन्मतात. वायूतली खळबळ, नव्या ताऱ्यांचे झोत आणि प्रकाश, आणि चुंबकीय क्षेत्र हे तिघे मिळून ही उधळपट्टी रोखतात. म्हणून आकाशगंगा जन्मून हजार कोटींहून जास्त वर्षं झाली तरी तिच्यापाशी वायू शिल्लक आहे.

इतक्या दुरून मोजतात कसं?

इथे तुमच्या काळ्या दगडाचा थेट संबंध येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या बारीक कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या खडकांचा अभ्यास केला. लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे अशा नोंदींवरूनच कळलं. दख्खनच्या खडकांचा मोठा भाग तर असा आहे की त्या काळी होकायंत्र असतं तर सुईचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं. सुई हलली की नाही यापलीकडे जाऊन दगडातल्या कणाला दिशा विचारता येते, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

मेघातही साक्षीदार कणच असतात, पण धुळीचे. ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, थोडे लांबट आणि सतत फिरणारे. चुंबकीय क्षेत्रात ते अशा रीतीने फिरू लागतात की त्यांची लांब बाजू क्षेत्राला आडवी राहते. मेघाच्या मागच्या ताऱ्याचा प्रकाश त्यांच्यातून येताना लांब बाजूच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश जास्त अडतो आणि दुसऱ्या दिशेचा जास्त सुटतो. याला प्रकाशाचं ध्रुवीकरण म्हणतात. ताऱ्यांच्या प्रकाशात ते असतं हा शोध विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला.

मोजायचं कसं, हे पुण्यात बनलेल्या एका उपकरणावरून नीट समजेल. रोबोपोल हे उपकरण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली घडलं आणि २०१३ पासून ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या स्किनाकास वेधशाळेतल्या १.३ मीटरच्या दुर्बिणीला जोडलेलं आहे. त्याच्या चित्रात एक तारा एक ठिपका म्हणून उमटत नाही. प्रिझम त्याचा प्रकाश चार वाटांनी पाठवतात आणि त्या एका ताऱ्याचे चार ठिपके पडतात : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक ठिपका कंपनाच्या वेगळ्या दिशेचा. वरचा-खालचा ठिपका सारखाच तेजस्वी असेल आणि डावा-उजवाही सारखा असेल, तर ध्रुवीकरण नाही. जोडीतला एक किंचित फिका असेल तर आहे. तो फरक एक-दोन टक्क्यांचा असतो, कधी त्याहूनही कमी. त्यावरून मधल्या मेघातल्या क्षेत्राची आकाशातली दिशा मिळते. या उपकरणाने ध्रुवताऱ्याच्या दिशेला असलेल्या एका विरळ मेघातल्या क्षेत्राचा असाच नकाशा काढला आहे.

दिशा मिळाली, पण जोर किती? त्यासाठीची युक्ती सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी १९५३ साली शिकागोत काढली. क्षेत्र जोरदार असेल तर वायूची खळबळ त्याला वाकवू शकत नाही आणि शेजारशेजारच्या ताऱ्यांनी दाखवलेल्या दिशा एकसारख्या येतात. क्षेत्र दुबळं असेल तर दिशा विस्कटतात. वायूची घनता, त्याचा वेग आणि दिशांमधला विस्कटलेपणा या तीन गोष्टींवरून क्षेत्राचा जोर काढता येतो. आकाशगंगेच्या सर्पिल बाहूतल्या क्षेत्राचं त्यांचं उत्तर होतं सुमारे सात मायक्रोगॉस. आजची मोजमापं त्याच्या जवळपास येतात आणि ही रीत आजही रोजच्या वापरात आहे.

दुसरी रीत झीमन परिणामाची. हायड्रोजन अणू सेकंदाला सुमारे १४२ कोटी कंपनांची रेडिओ लहर सोडतो. चुंबकीय क्षेत्रात त्या एका लहरीच्या जागी किंचित वेगळ्या लहरी येतात. दहा मायक्रोगॉसला फरक पडतो तो १४२ कोटींत फक्त २८ कंपनांचा! तो पकडायला फार नाजूक वेध लागतात. ताऱ्यांमधल्या वायूत तो पहिल्यांदा १९६८ मध्ये सापडला. २०२२ साली चीनच्या ५०० मीटर व्यासाच्या ‘फास्ट’ दुर्बिणीने याच रीतीने वृषभातल्या एल १५४४ नावाच्या गाभ्याभोवतीचं क्षेत्र मोजलं. ते आलं चारेक मायक्रोगॉस, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी. तिथला वायू गाभा दाट होण्याच्या आधीच क्षेत्राच्या पकडीतून बराचसा सुटला होता. पाझराला किती वेळ लागतो याचे जुने अंदाज त्यामुळे पुन्हा तपासावे लागत आहेत. या विषयात आज सर्वांत जिवंत वाद कोणता, तर हाच.

प्रश्न : चुंबकीय क्षेत्र नसतं तर आपला सूर्य झालाच नसता का?
— अकरावीचा विद्यार्थी, पुसद

उत्तर : तारे झाले असते, पण वेगळ्या तऱ्हेने. संगणकावर हाच मेघ क्षेत्रासह आणि क्षेत्राविना कोसळवून पाहिला की क्षेत्राविना तारे दोन-तीन पट वेगाने जन्मतात, असं दिसतं. मेघाचे तुकडेही जास्त पडतात.

आणखी एक अडचण आली असती ती गिरकीची. मेघाचा गाभा अगदी सावकाश फिरत असतो, पण आकसताना त्याची गिरकी वाढत जाते. ती कुठेतरी टाकून दिल्याशिवाय एवढा मोठा वायू ताऱ्याएवढा लहान होऊच शकत नाही. क्षेत्ररेषा ती गिरकी बाहेरच्या वायूकडे पोचवतात, आणि नव्या ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांकडून निघणारे झोतही ती घेऊन जातात. त्या झोतांनाही चुंबकीय क्षेत्रच वळण देतं. उरलेल्या गिरकीतून ताऱ्याभोवती चकती होते आणि चकतीतून ग्रह. पृथ्वी ज्या चकतीतून झाली तिचा आकारही या देवघेवीत ठरला.

प्रश्न : मेघातलं एवढं क्षेत्र सूर्यात सापडायला हवं. मग सूर्य प्रचंड चुंबक का नाही?
— एक वाचक, दिग्रस

उत्तर : फार नेमका प्रश्न. मेघाच्या गाभ्यातल्या सगळ्या क्षेत्ररेषा वायूबरोबर आत ओढल्या गेल्या असत्या तर नव्या ताऱ्यावरचं क्षेत्र कोट्यवधी गॉसचं झालं असतं. सूर्याच्या पृष्ठभागावर सरासरी क्षेत्र एखाद्या गॉसचं आहे. डागांमध्ये ते काही हजार गॉसपर्यंत जातं. याचा अर्थ, तारा होता होता जवळजवळ सगळं क्षेत्र बाहेरच राहिलं पाहिजे. मुख्य उत्तरात सांगितलेला पाझर त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की अतिदाट गाभ्यात भारित कण इतके कमी होतात की वायू आणि क्षेत्र यांची गाठ पार सुटते. सूर्याचं आजचं क्षेत्र त्याच्या पोटातल्या वायूच्या खळबळीतून रोज नव्याने तयार होतं. ते मेघाकडून आलेलं वाण नाही.

प्रश्न : असा एखादा मेघ आमच्या शेतातून दिसेल का?
— एक शेतकरी, घाटंजी

उत्तर : दिसेल, आणि तुमच्या ओळखीच्या नक्षत्रातच दिसेल. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आपण ‘मृग लागला’ म्हणतो, तेव्हा सूर्य त्या नक्षत्राच्या बाजूला असतो. म्हणून ते नक्षत्र रात्री पाहायचं ते हिवाळ्यात. जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला उंचावर मृगाचे चार तारे आणि मधोमध बाणाचे तीन तारे दिसतात. त्या तिघांच्या खाली अंधुक ताऱ्यांची एक छोटी उभी रांग आहे. तिच्यातला मधला ‘तारा’ नीट पाहिला तर धुरकट वाटतो. तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा. साध्या द्विनेत्रीतून तो छान दिसतो.

त्याच्या मागे लागूनच एक काळा दाट मेघ आहे, जिथे आत्ता तारे जन्मत आहेत. हवाई बेटांवरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने तिथल्या धुळीचं ध्रुवीकरण मोजलं, तेव्हा क्षेत्र काही मिलिगॉसचं निघालं, म्हणजे साध्या वायूतल्या क्षेत्राच्या शेकडो पट. तिथल्या क्षेत्ररेषा कमरेत आवळलेल्या दिसतात. गुरुत्वाकर्षण वायू आत खेचताना रेषांनाही खेचून वाकवत असल्याची ती खूण आहे. डोळ्यांना हे दिसणार नाही, पण कुठे पाहायचं ते आता ठाऊक झालं.

एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतर आकाशगंगेचा पट्टा वर येतो. त्यात मधोमध काळी फट पडलेली दिसते. तिथे तारे नाहीत असं नव्हे. वायू आणि धुळीच्या मेघांनी मागचे तारे झाकले आहेत. लाल ज्येष्ठा ताऱ्याच्या शेजारीही असाच एक तारे घडवणारा मेघ आहे. टिपेश्वरच्या बाजूला किंवा गावापासून दूरच्या शेतात, दिव्यांचा उजेड नसलेल्या जागी उभं राहिलात तर ही काळी फट दुर्बिणीशिवाय दिसते.

प्रश्न : हा अभ्यास आपल्याकडे होतो का? माझ्या मुलीला यात जायचं आहे.
— एक पालक, वणी

उत्तर : होतो, आणि त्यातलं बरंच महाराष्ट्रात होतं. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली. ध्रुवीकरण मोजणारं ‘इम्पोल’ हे उपकरण तिथे १९९० च्या दशकात बनलं. सिलचरच्या आसाम विद्यापीठाचे अशोक सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा उपयोग करून लहान काळ्या मेघांमधल्या क्षेत्राचे वेध घेतले. २००६ साली जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण सुरू झाली. तिच्यावरच्या उपकरणातही ध्रुवीकरण मोजण्याची सोय आहे. रोबोपोलनंतरची पुढची पायरी म्हणजे वॉलॉप नावाची दोन उपकरणं, एक क्रीटसाठी आणि एक दक्षिण आफ्रिकेसाठी, आयुकातच आखलेली. एका दमात आकाशाचा अर्ध्या अंशाचा तुकडा पाहून त्यातल्या सगळ्या ताऱ्यांचं ध्रुवीकरण मोजायचं, असं त्यांचं काम. गाया उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं मोजलेली असल्यामुळे या दोन्ही माहिती जुळवून कोणता मेघ किती अंतरावर आहे आणि त्यातलं क्षेत्र कोणत्या दिशेचं आहे, याचा तिन्ही मितींमधला नकाशा तयार होऊ शकेल.

मुलीने बारावीपर्यंत गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करावं. पदवीला भौतिकशास्त्र घ्यावं. अभियांत्रिकी घेतली तरी वाट बंद होत नाही, कारण ही उपकरणं घडवायला प्रकाशशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक जाणणारे लोक लागतात. आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या दोन्ही संस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प आणि प्रशिक्षण वर्ग घेतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण सगळ्यांना पाहायला खुली असते. राज्यभरातल्या शाळा तिथे आपले प्रयोग घेऊन येतात. वणीहून अंतर मोठं आहे, तरी एकदा तिला घेऊन जा. ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्यांपैकी एकीच्या खाली उभं राहून मिळतं ते पुस्तकातून मिळत नाही.

तोवर थांबून राहायचंही कारण नाही. प्लँक उपग्रहाने काढलेले साऱ्या आकाशातल्या ध्रुवीकरणाचे नकाशे जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. साधा संगणक, इंटरनेट आणि थोडी पायथन भाषा एवढ्यावर वृषभातल्या तंतूच्या आजूबाजूची क्षेत्ररेषांची दिशा घरबसल्या काढता येते. शास्त्रज्ञांनी केलेलं काम आपण स्वतः करून पाहण्याची ही खरी संधी आहे. या नकाशांत अजून न विचारलेले प्रश्न पुष्कळ आहेत, आणि ते विचारायला यवतमाळ जिल्ह्यातली मुलंही हवी आहेत.